लोखंडी नांगराचे कर्ते : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंगभेद ओळखण्यात दृष्टिदोष आढळल्याने तो मार्ग खुंटला. पुढे ते यंत्रांचे रेखाटन शिकले व व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली जाताच नोकरी सोडून ते बेळगावास आले आणि बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या धंद्यात पडले.

मात्र त्यांचे लक्ष शेतकऱ्याच्या कष्टांकडे होते. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र व नंतर लोखंडी नांगर त्यांनी तयार केला. लोखंडाने जमिनीला विष चढेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती; त्यामुळे पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. नांगर घडविण्याहून त्यावर विश्वास बसविणे अवघड ठरले.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या हुकुमामुळे सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर माळ व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. निवडुंग व सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

तेथे जमलेली माणसेच तिचे खरे भांडवल होत. शंभूराव जांभेकरांनी ओतशाळा उभारली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब सांभाळले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ ठरले. परीक्षेत अपयशी झालेले के. के. कुलकर्णी नांगर विकीत, शेतकऱ्यांना सल्ला देत आणि सरकारदरबारची कामेही उरकीत. रात्रीची राखण पूर्वी तुरुंगवास भोगलेल्या माणसांवर सोपविलेली होती. १९२० साली मंडळी निघाली, त्याच साली मासिकही. पुढे १९२६ च्या सुमारास पाणी उपसण्याचे पंप बनू लागले. कारागीर, विक्रेता, कर्ज देणारा राजा, रेल्वे आणि शंका घेणारा शेतकरी या सर्वांच्या मेळातून तो उद्योग वाढला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले.

आम्ही आयुष्यभर शाळेत शिकविले. कित्येक मुलांच्या नावापुढे नापास असा शेरा लिहून आम्ही मोकळे झालो. त्यांच्या हातांत काय होते, हे पाहिले नाही. फळणीकर व कुलकर्णी यांचे चरित्र वाचताना ती मुले डोळ्यांपुढे उभी राहतात आणि मन खजील होते. आमच्या ज्ञातिबांधवांच्या घरी परीक्षेत मागे पडलेला मुलगा असेल, तर त्याला दूषण देण्यापूर्वी त्याचे हात कशात रमतात ते अवश्य पाहावे, एवढीच नम्र विनंती.