एक्सप्लेनर : इंजिनीअर व्हायला गेलेले होमी भाभा अणुकेंद्रकाच्या कोड्यात कसे शिरले?

ताथवडे : घरच्यांच्या इच्छेखातर इंजिनीअरिंग आणि मनात मात्र दुसराच विषय, ही कोंडी ताथवडे-हिंजवडी पट्ट्यातील अनेक विद्यार्थ्यांच्या ओळखीची आहे. जवळपास १०० वर्षांपूर्वी होमी भाभाही त्यात सापडले होते.

वडिलांची अट काय होती?

भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत पारशी कुटुंबात झाला. १९२७ मध्ये ते मेकॅनिकल इंजिनीअरिंगसाठी केंब्रिजला गेले. शिकून परतायचे आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचे, असा घरच्यांचा बेत होता. त्यांचे मन मात्र गणित आणि भौतिकशास्त्रात रमले. इंजिनीअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळाला तर गणित शिकण्याचा खर्च करू, असे वडिलांनी कबूल केले. १९३० मध्ये भाभांनी पहिला वर्ग मिळवला. १९३२ मध्ये गणितातही तेच करून दाखवले.

कोडे काय होते?

अणुकेंद्रकात धन विद्युतभाराचे प्रोटॉन दाटीवाटीने असतात. सारखे भार एकमेकांना ढकलतात. मग केंद्रक फुटत का नाही? १९३५ मध्ये जपानच्या हिदेकी युकावा यांनी उत्तर सुचवले : प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आपसात एका कणाची देवाणघेवाण करतात आणि त्यातून त्यांना बांधून ठेवणारे बल तयार होते. हेच प्रबल केंद्रकीय बल. त्याचा पल्ला अगदी तोकडा, ताकद मात्र प्रचंड. १९३७ मध्ये विश्वकिरणांत साधारण तेवढ्याच वस्तुमानाचा कण सापडला.

या सिद्धांतावर सुरुवातीलाच काम करणाऱ्यांत भाभा होते. असा कण अस्थिर असेल आणि प्रचंड वेगामुळे त्याचे आयुष्य लांबलेले दिसेल, असे त्यांनी १९३८ मध्ये मांडले. या कणांसाठी ‘मेसॉन’ हे नाव रूढ होण्यातही त्यांचा वाटा होता. १९४७ मध्ये मात्र उलगडा झाला, की विश्वकिरणांतला तो कण युकावांचा नव्हताच. खरा कण होता पायॉन. आयुष्य लांबण्याचा भाभांचा अंदाज तरीही त्या पहिल्या कणावर खरा ठरला.

केंब्रिजला परत का गेले नाहीत?

१९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी काम सुरू केले. मूलभूत संशोधनासाठी संस्था हवी, असा प्रस्ताव त्यांनी १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे पाठवला. १९४५ मध्ये टीआयएफआर उभी राहिली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाची धुरा आली, १९५६ मध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. या व्यापात स्वतःचे संशोधन मागे पडत गेले. ही किंमत त्यांनी मोजली, पण इतरांना देशातच संशोधन करता यावे याची सोय झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज गाडी कुठे आली आहे?

प्रोटॉन क्वार्कचे बनतात आणि ग्लुऑन त्यांना बांधतात, हे आता ठाऊक आहे. क्वार्कच्या स्वतःच्या वस्तुमानाचा प्रोटॉनमधील वाटा जेमतेम १ टक्का. बाकी सगळी या बलाशी निगडित ऊर्जा. म्हणजे चाकणमध्ये तयार होणाऱ्या गाडीचे जवळपास सगळे वजन याच बलाची देणगी!

समीकरणे १९७० च्या दशकातच हाती आली. तरी क्वार्क एकटा का सापडत नाही, याची काटेकोर गणिती सिद्धता अजून नाही. त्याच्याशी जोडलेल्या एका गणिती प्रश्नावर अमेरिकेतील क्ले संस्थेचे १० लाख डॉलरचे बक्षीस आहे. ‘सर्न’मध्ये शिशाची केंद्रके आदळवून विश्वाच्या आरंभीचा क्वार्क-ग्लुऑन द्रव क्षणभर तयार केला जातो. त्या ‘अॅलिस’ प्रयोगात भारतीय शास्त्रज्ञही आहेत. आणि हीच समीकरणे संगणकावर सोडवण्याचे काम भाभांच्या टीआयएफआरमध्येही चालते.