नोंदवहीबाहेरचा जॉश गिब्सन

ज्यांनी क्रिकेट पाहिले आहे त्यांस बेसबॉलविषयी एवढे सांगितले म्हणजे पुरे, की फलंदाजाने टोलवलेला चेंडू उडत कुंपणापलीकडे गेला की त्यास होम रन म्हणतात, आणि आपल्याकडे षटकाराचे जे कौतुक तेच तिकडे त्याचे. असे ७१४ टोले मारणारा बेब रूथ आणि १९७४ साली त्याला मागे टाकणारा हँक आरन ही नावे पुष्कळांच्या कानांवरून गेली असतील. जॉश गिब्सनचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. तो किती होम रन मारून गेला हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

जॉशचा जन्म २१ डिसेंबर १९११ रोजी जॉर्जिया संस्थानातील ब्युएना व्हिस्टा या लहानशा गावी झाला. बाप पोटासाठी उत्तरेस पिट्सबर्गला गेला, पोलादाच्या कारखान्यात लागला आणि मागाहून त्याने कुटुंब तेथे नेले. मुलाचे शिक्षण बेताचेच झाले. परंतु अंगापिंडाने तो असा भरला, की गल्लीतल्या खेळातच त्याचा टोला लोक थांबून पाहू लागले.

गोऱ्यांच्या मोठ्या संघांत काळ्या खेळाडूस त्या काळी प्रवेश नव्हता. तसा लेखी कायदा कोठेही नव्हता. १८८० नंतरच्या काही वर्षांत मालकामालकांत एक मुकाट समजूत झाली आणि ती साठएक वर्षे टिकली. कायदा असता तर निदान तो मोडता तरी आला असता! शेवटी रूब फॉस्टर नावाच्या कर्तबगार काळ्या गृहस्थाने १९२० साली निग्रो नॅशनल लीग ही स्वतंत्र संघटना उभी केली आणि पुढची पिढी तिच्या छायेत वाढली.

१९३० च्या उन्हाळ्यात होमस्टेड ग्रेज या नामांकित संघाचा कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा, फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा) सामन्यात जखमी झाला आणि प्रेक्षकांत बसलेल्या अठरा वर्षांच्या जॉशला खाली बोलावून घेतले, अशी कथा आहे. ती खरी असो वा रंगवलेली, त्या उन्हाळ्यात तो ग्रेजकडून खेळू लागला एवढे निश्चित. त्याच ऑगस्टमध्ये त्याची बायको हेलन जुळ्यांना जन्म देताना वारली. मुले आजोळी वाढली आणि बाप गावोगाव हिंडत राहिला.

हे हिंडणे सोपे नव्हते. लीगचे सामने हंगामात साठ-ऐंशीच; तेवढ्यावर भागत नसे. म्हणून मोटारगाडीतून रात्रंदिवस प्रवास करावा, वाटेत ज्या गावी मैदान असेल तेथील संघाशी खेळावे, आणि हॉटेलवाल्याने दार लावले तर गाडीतच झोपावे. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स संघात सॅचेल पेजसारखा गोलंदाज त्याचा सोबती होता. पुढे मेक्सिकोतही तो दोन हंगाम खेळून आला.

त्याच्या टोल्यांच्या गोष्टी अमाप. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमबाहेर त्याने चेंडू घालवला असे सांगतात. पक्का पुरावा नाही. गावच्या सामन्यांचे आकडे कोण ठेवणार? गोऱ्यांची पत्रे लक्ष देत नसत, आणि काळ्यांची बहुतेक पत्रे साप्ताहिक, त्यांत सगळे तक्ते मावत नसत. ध्वनिमुद्रिका निघण्यापूर्वीच्या गवयांविषयी ऐकताना हाच पेच पडतो: तान खरोखर तेवढी लांब होती, की सांगणाऱ्याच्या प्रेमाने लांबली?

१९४३ च्या आरंभी जॉश एकाएकी बेशुद्ध पडला. मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रियेस त्याने नकार दिला आणि त्याच वर्षी तो असा खेळला की पाहणारे थक्क झाले. परंतु डोके दुखे, दारू वाढली, गुडघे गेले. १९४५ साली ब्रुकलिन डॉजर्सने जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केले, तेव्हा जॉश तेहतीस वर्षांचा होता. त्याला कोणी विचारले नाही. त्या दुःखानेच तो गेला असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही, दुखणे आधीचे होते. पण दुःख नव्हते असेही कसे म्हणावे? २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो वारला. रॉबिन्सन १५ एप्रिलला मोठ्या मैदानात उतरला. तीन महिन्यांचेही अंतर नाही.

जॉशच्या थडग्यावर १९७५ पर्यंत दगडही नव्हता, जरी १९७२ मध्येच त्याला बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले होते. तेथील पाटीवर सुमारे ८०० होम रन लिहिले आहेत. लीगच्या सामन्यांतले तपासून पाहिलेले दोनशेही भरत नाहीत. दोन्ही आकडे एकाच माणसाचे. मोठ्या संघटनेने २०२० साली जुन्या काळ्या लीगना बरोबरीचे मानले आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे आपल्या वहीत चढवले, तेव्हा फलंदाजीच्या सरासरीत हजारी ३७२ टोल्यांसह जॉश पहिला आला आणि टाय कॉबचा ३६७ चा मान दुसरा झाला. होम रनच्या यादीत तो वर येणार नाही; साठ सामन्यांच्या हंगामात ते शक्यच नव्हते.

संशोधकांचे काम मात्र संपलेले नाही. जुन्या साप्ताहिकांच्या पिवळ्या पानांत एखाद्या सामन्याचा तक्ता सापडला, की जॉशचा आकडा अजूनही बदलतो.