विश्लेषण : पोलाद कारखान्यातील अजस्र वाहनांचा पाया कोणी घातला? शाळा सोडलेल्या रॉबर्ट लेटर्नोंची कहाणी

पोलाद कारखान्याच्या आवारात एक विचित्र वाहन फिरते. पुढे दोन प्रचंड चाकांवर इंजिन आणि चालकाची केबिन, मधे एक मोठा सांधा आणि मागे दोन लोखंडी बाहूंमध्ये अडकवलेले भांडे. त्या भांड्यात असते भट्टीतून निघालेली वितळलेली मळी, म्हणजेच स्लॅग. तिचे तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. या वाहनाला ना रूळ लागतात, ना क्रेन.

जगभरातील मॉडेलप्रेमींना अशा वाहनांच्या छोट्या प्रतिकृती बनवण्याचे विलक्षण वेड आहे. या वाहनांच्या मांडणीचे मूळ शोधत गेले, की अमेरिकेतील एका माणसापर्यंत पोहोचता येते. हा माणूस म्हणजे रॉबर्ट गिल्मोर लेटर्नो. ते कोण होते आणि त्यांनी नेमके काय बदलले?

स्लॅग वाहून नेणे इतके अवघड का?

झोतभट्टीत एक टन लोखंड तयार होताना साधारण पाव टन किंवा त्याहून जास्त स्लॅग निघते. ती वेळेत हलवली नाही, तर भट्टीचे कामच अडते. पूर्वी हे काम रुळांवरून चालणाऱ्या गाड्यांनी होत असे आणि अनेक ठिकाणी आजही होते. पण रूळ जिथे नेतील तिथेच गाडी जाते. एक डबा घसरला, तरी सगळी रांग खोळंबते.

धोकाही मोठा असतो. वितळलेली स्लॅग ओल्या जमिनीवर सांडली, तर खालच्या पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होऊ शकतो. त्यामुळे वाहनाला भांडे न हिंदकळता उचलावे लागते, चालकाला भांड्यापासून दूर ठेवावे लागते आणि ठरलेल्या जागी भांडे सावकाश कलते करावे लागते. एवढा भार रुळांविना, रबरी टायरवर वाहून नेता येईल, हे आधी कोणाला तरी सिद्ध करून दाखवावे लागणार होते.

लेटर्नो या क्षेत्रात कसे आले?

लेटर्नो यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८८८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. १४व्या वर्षी शाळा सोडून ते ओरेगॉनमधील पोर्टलंड येथे एका ओतकारखान्यात उमेदवारी करू लागले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील वीजकेंद्रात काम करताना वेल्डिंग आणि विजेची ओळख झाली. १९०९ मध्ये ते कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे आले. लाकूडतोड, शेतमजुरी, खाणकाम अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. मोटारदुरुस्तीचा टपालाद्वारे चालणारा अभ्यासक्रमही घेतला, पण त्यातला एकही स्वाध्याय पूर्ण केला नाही.

पुढे ते एका गॅरेजमध्ये भागीदार झाले. मोटार शर्यतीतील अपघातात मान मोडल्याने पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात घेतले नाही. त्याऐवजी त्यांनी मेअर आयलंडच्या नौदल गोदीत काम केले. तिथे वेल्डिंगचा हात आणखी सफाईदार झाला. युद्ध संपल्यावर परतले, तर गॅरेजचा धंदा बुडालेला होता आणि कर्जाचा वाटा डोक्यावर होता.

ते फेडण्यासाठी त्यांनी एका ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचे काम घेतले. ट्रॅक्टर सुरू झाल्यावर मालकाने त्यांनाच ४० एकर जमीन सपाट करायला सांगितले. या कामात त्यांना गोडी लागली. १९२० मध्ये त्यांनी जुना ट्रॅक्टर विकत घेतला, स्क्रेपर भाड्याने घेतला आणि स्वतःचा धंदा सुरू केला. स्क्रेपर म्हणजे जमीन खरवडून माती पोटात भरून घेणारे यंत्र.

त्यांनी नेमके काय बदलले?

ढोबळमानाने चार गोष्टी सांगता येतील.

वेल्डिंग : त्या काळी अवजड यंत्रे रिव्हेट ठोकून जोडली जात. त्यासाठी पत्र्यावर पत्रा चढवावा लागे आणि वजन वाढे. लेटर्नो यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आपले स्क्रेपर वेल्डिंगने जोडले. ते हलके आणि मजबूत ठरले.

रबरी टायर : लोखंडी चाके मऊ मातीत रुतत. १९३२ मध्ये त्यांनी स्क्रेपरला हवा भरलेले मोठे टायर लावले. भार जास्त जागेवर पसरला आणि वेगही वाढला.

मधला सांधा : १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे ‘टुर्नापुल’ आले. पुढे फक्त दोन चाकांचे इंजिन आणि मागे त्याला जोडलेला स्क्रेपर, अशी त्याची रचना होती. पुढच्या भागाला स्वतःची मागची चाके नाहीत, म्हणून तो मागच्या भागाशिवाय उभाही राहू शकत नाही. पण दोन्ही भाग सांध्यात वळतात, त्यामुळे एवढे लांब धूड कमी जागेत फिरते. आजच्या अनेक स्लॅग वाहनांत हीच मांडणी दिसते. फक्त मागे मातीऐवजी तप्त भांडे असते.

चाकातली मोटर : डिझेल इंजिनाने जनित्र फिरवायचे, तारेतून वीज चाकापर्यंत न्यायची आणि प्रत्येक चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवायची, ही पद्धत त्यांनी १९५०च्या दशकात विकसित केली. गिअरबॉक्स आणि लांब दांडे त्यामुळे गेले.

त्यांच्या नावावर सुमारे ३०० पेटंट जमा झाली. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांनी वापरलेल्या माती हलवणाऱ्या अवजड यंत्रांपैकी सुमारे ७० टक्के त्यांच्या कारखान्यांतील होती, असे मानले जाते. धावपट्ट्या आणि रस्ते बांधण्यासाठी ही यंत्रे वापरली गेली.

पोलाद कारखान्यापर्यंत ही वाट कशी गेली?

१९५३ मध्ये लेटर्नो यांनी माती हलवणाऱ्या यंत्रांचा व्यवसाय वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनीला विकला. पाच वर्षे त्या क्षेत्रात उतरायचे नाही, अशी अट होती. नव्या कंपनीत राल्फ क्रेस या अभियंत्याने ‘हॉलपॅक’ हा खाणींतील डंपर तयार केला. भारतातही बीईएमएलने हॉलपॅक डंपर बनवले.

राल्फ यांचे पुत्र टेड क्रेस यांनी १९६५ मध्ये इलिनॉय राज्यात स्वतःची कंपनी काढली. स्लॅगची भांडी आणि पोलादाच्या तप्त लाद्या वाहणारी वाहने ही तिची ओळख बनली. लाद्या वाहणारे वाहन ढिगावर दोन्ही बाजूंना चाके ठेवून उभे राहते, चिमट्याने तो खालून पकडते आणि पोटाखाली लटकवून नेते.

मॉडेलप्रेमींना याचे आकर्षण का?

पहिले कारण म्हणजे या यंत्रांत काही लपलेले नसते. मोटारीचे इंजिन बॉनेटखाली असते. इथे सांधा, बाहू, चाक, सगळे उघडे दिसते. आकार पाहूनच काम कळते.

दुसरे कारण प्रमाणाचे. बांधकाम यंत्रांच्या प्रतिकृती बहुधा १:५० प्रमाणात असतात. तीन मीटर व्यासाचे चाक सहा सेंटिमीटरचे होते. त्याच्या शेजारी साडेतीन सेंटिमीटरचा माणूस ठेवला, की यंत्राचा खरा आवाका डोळ्यांत भरतो.

तिसरे कारण अभियांत्रिकीचे आहे. प्रत्येक चाकात छोटी मोटर बसवून मॉडेल चालवले, तर ती नुसती नक्कल राहत नाही. मूळ यंत्रही तसेच चालत होते. शिवाय अशी वाहने मोजकीच बनल्याने बाजारात तयार संच सहज मिळत नाहीत. जुनी छायाचित्रे पाहून मापे काढावी लागतात, पितळ किंवा रेझिनचे भाग घडवावे लागतात. उष्णतेने काळवंडलेला रंग, भांड्यावर थिजलेले ओघळ दाखवणे हे वेगळेच कसब.

मग मूळ यंत्रांचे काय झाले?

अटीची मुदत संपल्यावर लेटर्नो पुन्हा मैदानात उतरले. त्यांची नवी विद्युत यंत्रे आकाराने थक्क करणारी होती, पण फारशी खपली नाहीत. अमेरिकी लष्करासाठी त्यांनी रस्त्याविना चालणारी ‘ओव्हरलँड ट्रेन’ बांधली. लांबी सुमारे १७४ मीटर, चाके ५४ आणि प्रत्येक चाकात मोटर. १९६२ मध्ये ॲरिझोनातील युमा येथे तिच्या चाचण्या झाल्या. मात्र तोवर अवजड सामान उचलणारी हेलिकॉप्टर आली होती. लष्कराला गाडीची गरज उरली नाही आणि तिचे डबे भंगारात गेले. पुढची केबिन तेवढी युमा येथे जपून ठेवली आहे.

लेटर्नो यांचे १ जून १९६९ रोजी निधन झाले. टेक्सासमधील लाँगव्ह्यू येथे त्यांनी १९४६ मध्ये सुरू केलेली तांत्रिक संस्था आज विद्यापीठ आहे. चाकातल्या मोटरीची कल्पना खाणींतील महाकाय वाहनांत टिकून आहे.

यंत्रांचे नशीब मात्र वेगळे असते. काम संपले, की त्यांचे पोलाद कापून पुन्हा भट्टीत जाते. स्लॅग वाहणारे वाहनही एक दिवस त्याच वाटेने जाते. ‘ओव्हरलँड ट्रेन’ आज अख्खी पाहायची असेल, तर ती प्रतिकृतीतच दिसू शकते. १:५० प्रमाणात ती भरते साडेतीन मीटर, म्हणजे साधारण एका खोलीच्या लांबीएवढी.