राजाराम महाराज दुसरे (कोल्हापूर)

छत्रपती राजाराम महाराज दुसरे (इ.स. १८५० – ३० नोव्हेंबर, इ.स. १८७०, मूळ नाव नागोजीराव पाटणकर) हे इ.स. १८६६ ते १८७० या काळात कोल्हापूर संस्थानाचे अधिपती होते. गादीवर असताना समुद्रपार जाऊन इंग्लंडचा प्रवास करणाऱ्या पहिल्या हिंदू राजांमध्ये त्यांची गणना होते. इ.स. १८७० चा उन्हाळा त्यांनी लंडनमध्ये घालवला. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स (इटालियन नाव फिरेंझे) येथे वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या शहरातील काशिने उद्यानात, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार करण्यात आले. तेथे आजही त्यांची छत्री उभी आहे.

या लेखातील राजाराम महाराज हे छत्रपती शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम (मृत्यू इ.स. १७००) नव्हेत, तसेच राजर्षी शाहू महाराजांचे पुत्र राजाराम (इ.स. १८९७–१९४०) हेही नव्हेत. कोल्हापूरच्या इतिहासात नावांची अशी पुनरावृत्ती वारंवार होत असल्याने ग्रंथांतूनही गल्लत झालेली आढळते.

पार्श्वभूमी आणि दत्तकविधान

राजाराम महाराजांचा जन्म पाटणकर घराण्यात झाला. कोल्हापूरचे तत्कालीन छत्रपती शिवाजी महाराज ऊर्फ बाबासाहेब हे त्यांचे मामा. बाबासाहेबांची कारकीर्द (इ.स. १८३८–१८६६) ब्रिटिशांच्या कडक देखरेखीखाली गेली. इ.स. १८५७ मध्ये कोल्हापुरातील देशी पलटणीने उठाव केला. त्या वेळी बाबासाहेब इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्यांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर मात्र उठाववाल्यांना सामील असल्याचा संशय घेतला गेला, आणि त्यांना समुद्रमार्गे कराचीला नेऊन नजरकैदेत ठेवण्यात आले. चिमासाहेबांचे निधन तेथेच, इ.स. १८६९ मध्ये झाले. पुढच्याच वर्षी त्याच घराण्यातील तरुण राजा सरकारी अधिकाऱ्यांच्या सोबतीने पाहुणा म्हणून विलायतेला निघाला, हे ध्यानात घेतले म्हणजे संस्थानाची त्या काळची कोंडी लक्षात येते.

बाबासाहेबांना पुत्र नव्हता. ऑगस्ट १८६६ मध्ये मृत्युशय्येवर असताना त्यांनी आपल्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे नागोजीरावांना, दत्तक घेतले. ब्रिटिश सरकारने या दत्तकाला मान्यता दिली. गादीवर बसताना नागोजीरावांचे नाव राजाराम असे ठेवण्यात आले. ते तेव्हा सोळा वर्षांचे होते, त्यामुळे कारभार पोलिटिकल एजंटाच्या हाती राहिला आणि राजाच्या शिक्षणाची व्यवस्था सरकारने लावली.

शिक्षण

जमशेटजी उनवाला हे पारशी गृहस्थ राजाराम महाराजांचे शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली महाराजांनी थोड्या वर्षांत इंग्रजी भाषेवर चांगली पकड मिळवली. संभाषण, वाचन आणि रोज थोडे लेखन असा क्रम होता. दुभाष्यावाचून इंग्रजांशी बोलू शकणारे संस्थानिक त्या काळी थोडेच होते. आपल्या मुलखाबाहेरचे जग पाहावे ही इच्छा याच अभ्यासातून बळावली असावी. ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही असा प्रवास सोयीचा वाटत होता, कारण साम्राज्याचे वैभव पाहून परतलेला राजा आपल्या धोरणाला अनुकूल राहील असा त्यांचा हिशेब होता.

युरोपचा प्रवास

समुद्रगमन हे त्या काळी सवर्ण हिंदूंना निषिद्ध मानले जाई. परत आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, आणि जातीने वाळीत टाकण्याची भीती असे. एखाद्या विद्यार्थ्याने वा व्यापाऱ्याने ही जोखीम पत्करणे निराळे आणि छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या राजाने पत्करणे निराळे. म्हणून प्रवासात खाण्यापिण्याचे व पूजेअर्चेचे नियम सांभाळता यावेत यासाठी कोल्हापूरची माणसे सोबत घेण्यात आली. देखरेखीसाठी कोल्हापूरचे असिस्टंट पोलिटिकल एजंट कॅप्टन एडवर्ड वेस्ट होते. शिक्षक जमशेटजीही बरोबर गेले. सुएझचा कालवा वाहतुकीला खुला होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

जून १८७० मध्ये महाराज लंडनला पोहोचले. लंडनचा तो ऐन मोसम होता. पार्लमेंटचे अधिवेशन चालू असे तोपर्यंत उमराव मंडळी शहरात राहत, आणि संगीत, नाटके, नृत्यसमारंभ, चित्रप्रदर्शने यांची गर्दी होई. ऑगस्टमध्ये अधिवेशन संपले की ही मंडळी आपापल्या जहागिरीकडे पांगत. महाराजांना या मोसमाचा उत्तरार्ध पाहायला मिळाला. ऑपेरा, नाट्यगृहे, संग्रहालये, प्राणिसंग्रहालय, पार्लमेंटचे सभागृह, शाळा, रुग्णालये आणि कारखाने असा त्यांचा दिनक्रम होता. महाराणी व्हिक्टोरियाची त्यांनी विंडसर येथे भेट घेतली. लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या माध्यमातून हिंदुस्थानची बाजू मांडणाऱ्या दादाभाई नौरोजींनाही ते भेटले. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा पार्लमेंटपुढे होता आणि त्याच उन्हाळ्यात तो संमत झाला. पुढे ज्या संस्थानाने सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह धरला त्याचा एक राजा त्या दिवसांत लंडनमध्ये होता, एवढाच हा योगायोग आहे. त्यावरून अधिक अनुमान काढता येत नाही.

१९ जुलै १८७० रोजी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जाहीर झाले. सप्टेंबरमध्ये फ्रान्सचा सम्राट शरण गेला व पॅरिसला वेढा पडला. महाराज परतीला निघाले तेव्हा फ्रान्समधून जाण्याचा नेहमीचा मार्ग बंद होता. त्यामुळे हा लवाजमा बेल्जियम, जर्मनी व आल्प्सच्या पहाडी मुलखातून इटलीत उतरला. उन्हाळा सरून थंडी पडू लागली होती. वाटेतच महाराजांची प्रकृती बिघडली.

फ्लॉरेन्स येथे निधन

फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होते. इ.स. १८६५ मध्ये हा मान या शहराकडे आला. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि राजधानी तिकडे हलणार हे निश्चित झाले. मधल्या पाच वर्षांत वास्तुविशारद ज्युसेप्पे पोज्जी यांच्या आराखड्यानुसार जुने तट पाडून रुंद रस्ते काढण्यात आले होते. मेदिची घराण्याचे महाल, उफ्फिझी चित्रसंग्रह आणि ब्रुनेलेस्कीने उभारलेला कॅथेड्रलचा घुमट यांमुळे युरोपभरचे प्रवासी तेथे मुक्काम करीत. महाराजांचा मुक्कामही अशा प्रवाशांसाठी असलेल्या, आर्नो नदीलगतच्या एका हॉटेलात होता. आजार बळावत गेला आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे तेथे निधन झाले.

पेच खरा यापुढे निर्माण झाला. कॅथलिक इटलीत मृतदेहाचे दफन करण्याची प्रथा होती. दहनासाठी स्मशान नव्हते, की त्याला परवानगी देणारा कायदा नव्हता. कोल्हापूरच्या मंडळींच्या दृष्टीने छत्रपतींचा देह परक्या मातीत पुरणे अशक्य होते. ब्रिटिश वकिलातीमार्फत स्थानिक अधिकाऱ्यांकडे विनंती करण्यात आली. थोड्या तासांत निर्णय होणे आवश्यक होते आणि तो झाला. शहराच्या पश्चिमेला असलेल्या काशिने उद्यानाच्या अगदी टोकाला, जेथे मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते, तेथे दहनाची परवानगी मिळाली. संगमाला धर्मविधींत असलेले स्थान लक्षात घेऊन ही जागा ठरली. प्रयाग चिखली व नृसिंहवाडीच्या संगमांवर श्रद्धा असलेल्या कोल्हापूरकरांना परमुलखातही तसाच संगम सापडला.

त्याच रात्री पार्थिव उद्यानात नेण्यात आले. लाकडांची चिता रचून, सोबतच्या मंडळींनी जमेल तेवढे विधी करून, १ डिसेंबरच्या पहाटेपर्यंत दहन पूर्ण केले. बातमी पसरल्याने अवेळ असूनही लोक जमले होते. अस्थी गोळा करून गंगेत विसर्जनासाठी हिंदुस्थानात नेण्यासाठी ठेवण्यात आल्या आणि रक्षा नदीत सोडण्यात आली.

युरोपच्या वृत्तपत्रांत या घटनेची वर्णने छापून आली. आरोग्याच्या कारणास्तव दहनाचा पुरस्कार करणारे डॉक्टर व सुधारक त्या काळी इटलीत आणि इंग्लंडमध्ये पुढे येत होते. त्यांच्या लेखनात फ्लॉरेन्सच्या या प्रसंगाचा उल्लेख होऊ लागला. इ.स. १८७६ मध्ये मिलान शहरात इटलीतील पहिले आधुनिक दहनगृह सुरू झाले. याच तोस्काना प्रांताच्या किनाऱ्यावर इ.स. १८२२ मध्ये इंग्रज कवी शेली यांच्या बुडालेल्या देहाचेही दहन झाले होते. त्याचे कारण साथीच्या रोगासंबंधीचे बंदरातील नियम हे होते. शेली यांची पश्चिम वाऱ्याला उद्देशून लिहिलेली प्रसिद्ध कविता इ.स. १८१९ मध्ये या काशिनेच्या राईतच सुचलेली होती.

रोजनिशी

प्रवासात महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत असत. कॅप्टन वेस्ट यांनी तिचे संपादन केले आणि इ.स. १८७२ मध्ये ती लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. नोंदी लहान आणि साध्या आहेत: कोठे गेलो, कोण भेटले, काय पाहिले. यंत्रे, सार्वजनिक संस्था आणि करमणुकीचे कार्यक्रम यांविषयीचे कुतूहल त्यांत सारखे दिसते. विसाव्या वर्षीच्या मुलाला नवे शहर पाहताना जो आनंद होतो तो या नोंदींत लपत नाही.

तरीही हे पुस्तक सावधपणे वाचले पाहिजे. लिहिणारा राजा परक्या भाषेत, सरकारी अधिकारी व शिक्षक यांच्या सहवासात लिहीत होता, आणि छापण्यापूर्वी त्याच अधिकाऱ्याची नजर त्यावरून फिरली होती. समुद्र ओलांडताना त्याच्या मनात काय आले, घरच्यांना तो काय सांगत असे, मराठीत बोलताना तो लंडनविषयी काय म्हणत असे, हे त्यात शोधून सापडत नाही. एकोणिसाव्या शतकातील हिंदी प्रवाशांच्या लेखनाचे अभ्यासक मात्र या रोजनिशीला महत्त्व देतात, कारण हिंदी संस्थानिकाने स्वतः लिहिलेल्या युरोपप्रवासाच्या आरंभीच्या वृत्तांतांपैकी ती एक आहे.

उत्तराधिकार आणि कोल्हापुरातील स्मृती

महाराजांना पुत्र नव्हता. इ.स. १८७१ मध्ये सावर्डेकर भोसले घराण्यातील नारायणराव यांना दत्तक घेऊन चौथे शिवाजी म्हणून गादीवर बसवण्यात आले. मानसिक आजाराच्या कारणावरून त्यांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले आणि इ.स. १८८३ मध्ये तेथे त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर इ.स. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून शाहू महाराज दत्तक आले.

कोल्हापुरातील राजाराम महाविद्यालय (स्थापना इ.स. १८८०) याच राजाराम महाराजांच्या नावाने ओळखले जाते. ही गोष्ट त्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. नाव शाहूपुत्र राजारामांचे असावे असा समज सर्रास आढळतो. ते मात्र या संस्थेच्या स्थापनेनंतर सतरा वर्षांनी जन्मले.

फ्लॉरेन्समधील छत्री

दहनाच्या जागी इ.स. १८७४ मध्ये स्मारक उभारण्यात आले. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडा, टाऊन हॉल आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा यांचे मूळ आराखडेही त्यांनीच केले. स्मारक म्हणजे हिंदुस्थानी घाटाची एक छत्री असून तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. डोक्यावर पागोटे, अंगावर दागिने अशी ही प्रतिमा फ्लॉरेन्समध्ये राहणारे इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांनी घडवली. चौथऱ्यावर चार भाषांत लेख कोरले असून त्यांत इंग्रजी व इटालियन आहेत. पंचगंगेच्या घाटावरील राजघराण्याच्या समाध्या पाहिलेल्या माणसाला ही छत्री परकी वाटत नाही. भोवतीची झाडे आणि पलीकडची नदी तेवढी वेगळी.

काशिने उद्यान मुळात मेदिची घराण्याचे शेत, गोठे व शिकारीचे रान होते. आर्नोच्या उजव्या तीरावर ते तीन किलोमीटरहून अधिक लांब पसरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत लोक संध्याकाळी तेथे घोडागाडीतून फेरफटका मारीत. आता त्यात घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आहे, आठवड्याचा बाजार भरतो आणि उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत गाण्याचे व इतर कार्यक्रम चालतात. शहराचा संरक्षक संत योहान याचा सण २४ जूनला असतो. त्या दिवशी सांता क्रोचे चौकात जुन्या वेशातला चेंडूचा सामना होतो आणि रात्री आर्नोकाठी आतषबाजी पाहायला सारे शहर लोटते. इ.स. १९३३ मध्ये सुरू झालेल्या माज्जो म्युझिकाले या संगीतमहोत्सवाचे नवे नाट्यगृह याच उद्यानाच्या शहराकडील टोकाला आहे. छत्री दुसऱ्या, म्हणजे संगमाच्या टोकाला असल्याने कार्यक्रमांना येणाऱ्यांपैकी थोडेच तिथवर चालत जातात.

स्थानिक लोक या स्मारकाला नुसते इंडियानो, म्हणजे हिंदी माणूस, असे म्हणतात. शेजारच्या जुन्या कॉफीगृहाच्या इमारतीलाही तेच नाव पडले. इ.स. १९७८ मध्ये जवळच आर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल बांधून पूर्ण झाला. फाब्रित्सिओ दे मिरांदा हे त्याचे अभियंता होते. त्या पुलाचे नाव पोंते आल'इंडियानो असे आहे आणि शहराला वळसा घालणारी वाहने रोज त्यावरून जातात.