राजयक्ष्मा आणि थेऊरचे माधवराव

१७७० साली हैदरअलीवरची मोहीम अर्धवट सोडून माधवराव पेशवे माघारी फिरले. फौज शाबूत होती, शत्रूही समोर होता. पण पेशव्यांची प्रकृती घोड्यावर बसण्यासारखी राहिली नव्हती. मोहिमेची सूत्रे त्र्यंबकराव मामा पेठे यांच्याकडे गेली आणि पुढच्या वर्षी त्यांनी मोती तलावाजवळ हैदरचा मोठा पराभव केला. तो विजय पाहायला माधवराव रणांगणावर नव्हते. त्यांचे वय तेव्हा अवघे २६ होते आणि वैद्यांनी रोगाचे नाव सांगितले होते : राजयक्ष्मा.

राजयक्ष्मा म्हणजे क्षय, आजच्या बोलीत टीबी. या नावामागे एक पुराणकथा आहे. दक्षाच्या सत्तावीस कन्यांशी लग्न करून एकट्या रोहिणीतच रमलेल्या चंद्राला सासऱ्याचा शाप लागला आणि तो दिवसेंदिवस झिजू लागला. राजा असलेल्या चंद्राला जडला म्हणून हा राजयक्ष्मा, अशी आयुर्वेदातली व्युत्पत्ती. कथा बाजूला ठेवली तरी वर्णन अचूक आहे. माणूस खात असतो, हिंडत-फिरत असतो आणि तरीही डोळ्यांदेखत झिजत जातो.

पेशवे नावाला छत्रपतींचे प्रधान. पण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचे घर राजघराणेच झाले होते. या घरात दीर्घायुष्य फारसे नव्हते. आजोबा थोरले बाजीराव १७४० मध्ये रावेरखेडीला तापाने गेले, वय ३९. त्याच वर्षी त्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा छातीच्या जुन्या विकाराने गेले. १७६१च्या जानेवारीत पानिपतावर माधवरावांचे थोरले बंधू विश्वासराव आणि चुलते सदाशिवराव भाऊ पडले. त्या धक्क्यातून वडील नानासाहेब सावरले नाहीत. जूनमध्ये तेही गेले. घरावर आणि राज्यावर कर्जाचा डोंगर, अशा वेळी १६ वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली.

काका रघुनाथराव कारभार हातात ठेवू पाहत होते. १७६२ मध्ये काका-पुतण्यात लढाई जुंपली, तेव्हा घरच्या भांडणाचा फायदा निजामाला होऊ नये म्हणून माधवराव आळेगावला स्वतःहून काकांच्या स्वाधीन झाले. सतरा वर्षांच्या मुलाला ही समज असावी, याचे आजही नवल वाटते. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला आणि कारभार हळूहळू पुतण्याकडे आला. वेठबिगारीला आळा घालणे, हिशेब स्वतः तपासणे, रामशास्त्री प्रभुण्यांसारख्या न्यायाधीशाचे ऐकून घेणे, हे सारे पुढच्या नऊ वर्षांतले. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईनंतर काकांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावे लागले.

आपल्या भागाशी माधवरावांचा संबंध आला तो याच सुमारास. नागपूरकर जानोजी भोसल्यांनी रघुनाथरावांची बाजू घेतल्यामुळे १७६९च्या आरंभी पेशव्यांची फौज वऱ्हाडातून नागपूरकडे सरकली. नाचणगाव-पुलगावजवळून वाहणारी वर्धा नदी ही तेव्हा वऱ्हाड आणि नागपूर प्रांताची सीमा. नागपूर लुटले गेले. जानोजी समोरासमोर लढाई टाळून उलट पुण्याच्या दिशेने निघाले. अखेर कनकापूरला तह झाला. लढणारी दोन्ही घराणी मराठ्यांची होती. झळ सोसली ती या दोन प्रांतांतल्या गावांनी.

अशा सततच्या धावपळीत हा रोग अंगात कधी शिरला, हे कुणालाच सांगता येणार नाही. क्षयाची ही खोडच आहे. जंतू शरीरात शिरतात आणि बहुतेकांमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. बाधा झालेल्या दहांपैकी फार तर एखाद्याला पुढे कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. अंगातली ताकद खचली की ही शक्यता वाढते. अपुरी झोप, छावणीतले आयुष्य, वेळी-अवेळी जेवण आणि दहा वर्षांचा मानसिक ताण, हे सारे माधवरावांच्या वाट्याला आले होते.

माधवरावांचा क्षय आतड्यांचा होता, असे इतिहासकार मानतात. टीबी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खोकला आणि रक्त येते. पण नखे आणि केस सोडले तर हा रोग शरीरात जवळपास कुठेही होऊ शकतो. छातीतला दूषित कफ गिळल्याने, रक्तावाटे, किंवा बाधित जनावराचे न उकळलेले दूध पोटात गेल्याने जंतू आतड्यात पोचतात. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या उजव्या, खालच्या कोपऱ्यात ते बहुधा ठाण मांडतात. तिथे व्रण होतात, आतड्याचा मार्ग अरुंद होतो. मग पोटात कळा, गुरगुर, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरत जाणारे वजन. असा रुग्ण आजही महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेत फिरतो, कारण त्याला खोकला नसतो आणि थुंकीच्या तपासणीत काही सापडत नाही. सोनोग्राफी आणि दुर्बिणीतून काढलेला आतड्याचा तुकडा यांवरून निदान होते. सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात, कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या महिन्यात भूक लागते, वजन वाढते आणि अनेक जण तिथेच गोळ्या सोडतात; जिद्दी, औषधांना न जुमानणारा टीबी पुष्कळदा तिथूनच सुरू होतो.

चिमाजी अप्पांचा छातीचा विकार आणि माधवरावांचा क्षय पाहून रोग रक्तातूनच आला असावा, असे वाटू शकते. क्षय हा घराण्याचा दोष, ही समजूत जगभर होती आणि आपल्याकडे अजूनही लग्न ठरवताना ती डोके वर काढते. माधवरावांचा जन्म १४ फेब्रुवारी १७४५चा, म्हणजे अप्पांच्या मृत्यूनंतर चार वर्षांहून अधिक काळाने. क्षय पसरतो तो एका छताखालच्या हवेतून. म्हणून आज एकाला टीबी निघाला की घरातल्या सर्वांची तपासणी करतात.

युरोपातल्या राजवाड्यांनाही हा रोग चुकला नाही. इंग्लंडचा सहावा एडवर्ड १५५३ मध्ये पंधराव्या वर्षी फुप्फुसाच्या आजाराने गेला; तो बहुधा क्षयच होता. फ्रान्सचा नववा चार्ल्स १५७४ मध्ये तेविसाव्या वर्षी क्षयाने गेला, त्याच्यामागून गादीवर आलेल्या भावाचा पुढे खून झाला. गंमत अशी, की त्याच दोन देशांत गळ्याच्या गाठींचा क्षय राजाने हात लावला की बरा होतो, अशी श्रद्धा शतकानुशतके होती. गाठी झालेल्या लहानग्या सॅम्युअल जॉन्सनला, पुढच्या प्रसिद्ध कोशकाराला, १७१२ मध्ये ॲन राणीकडे नेले होते. राणीने हात लावला. गाठींचे व्रण जन्मभर राहिले.

माधवरावांसाठी वैद्य झाले, अनुष्ठाने झाली, एका इंग्रज डॉक्टरचेही उपचार झाले. त्या डॉक्टरलाही दोष देता येत नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो १८८२ मध्ये आणि पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, आले १९४०च्या दशकात.

शेवटच्या काळात माधवराव थेऊरला चिंतामणीच्या देवळाच्या परिसरात येऊन राहिले. वेदना असह्य होत्या, तरी कारभार थांबला नव्हता. १७७२च्या जानेवारीत मराठ्यांनी बादशहा शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवले. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्यावर चालून गेले होते त्या जानोजी भोसल्यांनी पुतण्या रघुजीला दत्तक घेण्यासाठी याच काळात पेशव्यांची संमती मिळवली. नागपूरला परतण्यापूर्वीच, तुळजापूरकडे जानोजींचाही मृत्यू झाला. मृत्यू जवळ आल्यावर माधवरावांनी नऊ कलमांचे एक पत्र करून घेतले. त्यात राज्याचे कर्ज फेडण्याची काळजी होती. काकांशी समेट करून धाकटे भाऊ नारायणराव यांना त्यांनी काकांच्याच हाती सोपवले.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी सकाळी माधवराव गेले. वय २७ वर्षे ९ महिने. मूलबाळ नव्हते. पत्नी रमाबाई सती गेल्या. त्या रूढीचे पुढे खूप गोडवे गायले गेले, पण एका तरुण बाईचे आयुष्य त्या दिवशी विनाकारण संपले, एवढेच वैद्यकाच्या नजरेतून म्हणता येते. इंग्रज इतिहासकार ग्रँट डफने नंतर लिहिले, की पानिपतही मराठी राज्याला या मृत्यूहून अधिक घातक ठरले नव्हते.

पुढचे घडायला वर्षही लागले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावांचा खून केला आणि त्या कटात काकांचेच नाव आले. नागपुरात जानोजींमागे त्यांचे भाऊ साबाजी आणि मुधोजी वारशासाठी भांडत राहिले. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. नाशिकजवळ गंगापूरला राहणाऱ्या गोपिकाबाईंनी पती आणि तीनही तरुण मुलगे आपल्याआधी गेलेले पाहिले. त्या १७८८ पर्यंत जगल्या.