फ्रीडरिश हुस्टेट : तळ्यांचा इतिहास वाचायला शिकवणारा शाळामास्तर

फ्रीडरिश हुस्टेट हे व्यवसायाने शाळामास्तर. १८८६ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन शहरात जन्मलेल्या या गृहस्थांनी वयाची पन्नाशी उलटेपर्यंत शाळेत शिकवले. १९३९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि उरलेले आयुष्य डायॅटम या एकपेशीय शैवालांना वाहिले. झाकणाच्या डबीसारख्या सिलिकाच्या कवचात राहणाऱ्या या शैवालांना मराठीत ‘करंडक वनस्पती’ असे समर्पक नाव आहे.

१९२८-२९ मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांच्या एका मोहिमेने जावा, सुमात्रा व बाली येथील तळ्याझऱ्यांतून नमुने आणले. त्यांतील डायॅटम ओळखण्याचे काम हुस्टेट यांच्याकडे आले. नुसत्या यादीवर त्यांचे समाधान झाले नाही. कोणती जाती किती सामूच्या, म्हणजे पीएचच्या, पाण्यात आढळते हे ताडून त्यांनी १९३७ ते १९३९ या काळात पाच गट मांडले. साडेपाच किंवा त्याहून कमी सामूत बहरणाऱ्या आम्लजीवी जाती एका टोकाला, सातच्या वरच जगणाऱ्या अल्कजीवी दुसऱ्या टोकाला. मध्ये आम्लप्रिय, उदासीन व अल्कप्रिय. वर्गीकरण ढोबळच होते. आम्लता वाढली की पाण्यातील बायकार्बोनेट घटते, ॲल्युमिनियम विरघळते. त्यामुळे शैवालांवर नेमका परिणाम कशाचा, हे त्यातून कळत नाही.

हुस्टेट १९६८ मध्ये निवर्तले. त्यांच्या गटांचे खरे मोल त्यानंतर कळले. आम्लवर्षेमुळे स्कँडिनेव्हिया व स्कॉटलंडमधील तळी मासेविहीन होऊ लागली, तेव्हा दोष कोळशाच्या धुराचा की जमिनीच्या बदललेल्या वापराचा, असा वाद पेटला. जुन्या पाण्याची मोजमापे नव्हती. पण कवचे गाळात थरावर थर साचून टिकतात. स्कॉटलंडमधील ‘राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड’ या तळ्याचा गाळ फ्लॉवर व बॅटरबी यांनी तपासला. सुमारे १८५० पासून तेथे आम्लजीवी जाती वाढत गेल्या होत्या. सामू साडेपाचच्या आसपासून ४.७ पर्यंत घसरला होता. आकडा किरकोळ वाटतो, पण या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. येथे आम्लता सुमारे सहापट झाली. या तळ्याभोवती नवी वनलागवडही झालेली नव्हती, त्यामुळे संशय धुराकडेच वळला. १९८३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हुस्टेट यांनी स्वतः दोन हजारांहून अधिक डायॅटमना नावे दिली. त्यांच्या काचपट्ट्यांचा संग्रह आज ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेत आहे.