विश्लेषण : कुलुपे बनवणारे अर्देशीर गोदरेज साबणाकडे का वळले? मुरुमांच्या चेहऱ्याला तो साबण चालतो का?

जामनेरच्या बाजारात चेहऱ्यासाठी काही घ्यायचे तर तीन ठिकाणे असतात : किराणा, जनरल स्टोअर आणि मेडिकल. तिशी उलटली तरी मुरुमे थांबत नाहीत, काहीही लावले की चेहरा चुरचुरतो, अशा ग्राहकाची फेरी बहुधा याच क्रमाने होते. आधी साबण बदलला जातो, मग क्रीम, मग कुणी सांगितले म्हणून मेडिकलमधली एखादी ट्यूब. पैसे तिन्हीकडे जातात. वेष्टनाची मागची बाजू मात्र क्वचितच वाचली जाते.

वस्तूवरच्या अशाच एका ओळीसाठी मुंबईतल्या एका तरुणाने आपला पहिला धंदा बुडू दिला होता. पुढे त्याचे नाव कपाटांवर, कुलुपांवर आणि साबणाच्या वड्यांवर आले. ते होते अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज.

वकिली का सुटली?

अर्देशीर यांचा जन्म 26 मार्च 1868 रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. 1890 मध्ये बचुबाईंशी त्यांचे लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी राजाबाई टॉवरवरून पडून बचुबाईंचा मृत्यू झाला. त्यांच्यासोबतची नात्यातली तरुणीही वाचली नाही. या प्रकरणाने तेव्हाची मुंबई हादरली होती. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केले नाही.

वकील झाल्यावर 1894 च्या सुमारास एका खटल्यासाठी त्यांना झांझिबारला पाठवण्यात आले. आपल्या पक्षाची बाजू पूर्ण खरी नाही, हे तिथे त्यांच्या लक्षात आले. ती तशीच मांडायला त्यांनी नकार दिला, मुंबईला परतले आणि वकिली कायमची सोडली.

मग एका औषधविक्रेत्याकडे काम करताना शस्त्रक्रियेची हत्यारे बनवण्याची कल्पना सुचली. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून 3,000 रुपये कर्ज घेतले. कात्र्या, चिमटे तयार झाले, मालही पसंत पडला. अडले ते एका ओळीवर. हत्यारे भारतात बनली आहेत हे त्यांवर लिहायला ब्रिटिश खरेदीदार तयार नव्हता, कारण मग ती विकली जाणार नाहीत असे त्याला वाटत होते. अर्देशीर ती ओळ काढायला तयार झाले नाहीत. धंदा तिथेच संपला.

7 मे 1897 रोजी लालबागमध्ये, गॅस कंपनीच्या शेजारी एका शेडमध्ये कुलुपांचे काम सुरू झाले. मुंबईत घरफोड्या वाढल्याची वर्तमानपत्रातील बातमी हे त्याचे निमित्त होते. धाकटे भाऊ पिरोजशा पुढे सोबतीला आले. कामांचे नातेवाईक बॉइस थोडा काळ भागीदार होते. ते निघून गेले, पण कंपनीच्या नावात राहिले. कुलुपांनंतर तिजोऱ्या आल्या. दोन्ही वस्तूंत गिऱ्हाईक विकत घेतो तो फक्त भरवसा, कारण आतली यंत्रणा त्याला दिसत नाही. साबणाचेही तेच आहे.

चरबीचा प्रश्न काय होता?

त्या काळी साबणात जनावरांची चरबी सर्रास वापरली जाई. अनेक हिंदू, जैन आणि मुस्लिम घरांत असा साबण अंगाला लावणे नकोसे वाटे. अर्देशीर यांनी 1918 मध्ये वनस्पती तेलांपासून बनवलेला साबण बाजारात आणला. कपडे धुण्याच्या त्या साबणाचे नाव ‘चावी’. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, म्हणजे खान्देशची ‘पीजे’, सुरू झाली तीही याच सुमारास.

या साबणाला कधी कधी जगातला पहिला वनस्पतिजन्य साबण म्हटले जाते. ते खरे नाही. ऑलिव्ह तेलाचा साबण भूमध्य समुद्राच्या काठी शतकानुशतके बनत आला आहे. अर्देशीर यांचे श्रेय वेगळे आहे : चरबी नसलेला साबण त्यांनी इथल्या सामान्य गिऱ्हाइकापर्यंत कारखान्याच्या प्रमाणात पोहोचवला.

अंगाचा साबण आणताना त्यांनी आधी ‘नंबर दोन’ विकला आणि ‘नंबर एक’ नंतर, 1922 मध्ये. दोन नंबर इतका चांगला, तर एक नंबर कसा असेल, असा विचार गिऱ्हाइकाने करावा हा हिशेब होता. लेबलसाठी धंदा सोडणाऱ्या माणसाला लेबलची ताकदही नेमकी कळली होती. पुढे जाहिरातीत रवींद्रनाथ टागोरांचे नावही आले. प्रसिद्ध माणसाने त्वचेच्या वस्तूची शिफारस करणे ही इन्स्टाग्रामची देणगी नाही.

मग तो साबण चेहऱ्याला चालतो का?

तेल कोणतेही असो, त्याची कॉस्टिक सोड्याशी अभिक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. बनलेला साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण 9 ते 10. त्वचेचा वरचा थर मात्र किंचित आम्ल असतो, साधारण 5 च्या आसपास. निरोगी त्वचा हा फरक काही तासांत भरून काढते. संवेदनशील त्वचेला ते जड जाते : चेहरा ताणतो, लाल होतो, आणि त्यावर मुरुमांचे औषध लावले की आग होते. मग मुरुमे घाणीमुळे आली असे समजून दिवसातून चार वेळा साबण लावला जातो. मुरुमांमागे हार्मोन, तेलग्रंथी, बुजलेली छिद्रे आणि जिवाणू असतात. घासून ती जात नाहीत.

साबणावर ‘ग्रेड 1’ आणि टीएफएम 76 टक्के असे लिहिलेले असते. टीएफएम म्हणजे वडीतील एकूण मेदाम्लांचे प्रमाण. भारतीय मानकात पहिल्या ग्रेडला किमान 76, दुसऱ्याला 70 आणि तिसऱ्याला 60 टक्के लागते. हा आकडा वडीत भरताड किती कमी आहे ते सांगतो. चेहऱ्याला ती सौम्य आहे की नाही, ते सांगत नाही. अंगासाठी पहिल्या ग्रेडची स्वस्त वडी उत्तमच. पण चुरचुरणाऱ्या चेहऱ्याला साबण नसलेला, सुगंध नसलेला क्लेन्झर लागतो आणि तो दिवसातून दोनदा पुरतो.

वनस्पतिजन्य म्हणजे सौम्य, हाही असाच गैरसमज. अर्देशीर यांचा साबण गिऱ्हाइकाच्या श्रद्धेचा प्रश्न सोडवत होता, मुरुमांचा नव्हे. लिंबाचा रस चेहरा जाळतो, सुगंधी तेलांची ॲलर्जी होते, खोबरेल तेल अनेकांची छिद्रे बुजवते. केसांना चोपडलेले तेल कपाळावर उतरले की तिथल्या बारीक पुळ्या वाढतात.

स्वदेशीच्या लाटेत ते वेगळे का पडले?

अर्देशीर स्वराज्याचे समर्थक होते. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी 3 लाख रुपये दिले, ही त्या काळी प्रचंड रक्कम होती. तरीही देशी आहे म्हणून निकृष्ट माल गोड मानून घ्या, ही भूमिका त्यांना पटली नाही आणि ते त्यांनी उघडपणे मांडले. देशी वस्तू गुणवत्तेवर टिकली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. अखेरच्या वर्षांत कारभार पिरोजशांकडे सोपवून ते नाशिकला शेती करू लागले. 1936 मध्ये त्यांचे निधन झाले.

आज वेष्टनावर काय पाहावे?

सौंदर्यप्रसाधनावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात. समोर मोठ्या अक्षरात मिरवणारा घटक मागे यादीच्या शेपटाला असेल, तर त्यासाठी जास्त पैसे कशाला मोजायचे? ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ शब्द उपयोगाचा आहे, पण त्यामागे सक्तीची सरकारी चाचणी नाही. म्हणून नवे फाउंडेशन किंवा क्रीम आधी जबड्याच्या कडेला आठवडाभर लावून पाहावे. लहान पॅक घ्यावा, एका वेळी एकच वस्तू बदलावी. मेकअपचा स्पंज धुतला जातो का, याचा फरक महागड्या फाउंडेशनपेक्षा जास्त पडतो.

बजेट मर्यादित असेल तर सौम्य क्लेन्झर, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढे बास. मुरुमांसाठी 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड लागू पडते. ते एक दिवसाआड, थोडेच लावावे. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग त्याने उडतो, हे ध्यानात ठेवावे. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि नेमका हा काळ लोक थांबत नाहीत.

मग हाती येते ती चार दिवसांत चेहरा उजळवणारी ट्यूब. तिच्यात अनेकदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असते. सुरुवातीला लाली उतरते. नंतर त्वचा पातळ होते, लव वाढते आणि ट्यूब थांबवली की मुरुमे दुप्पट उसळतात. त्वचेवर लावायची अशी अनेक स्टेरॉइड 2018 मध्ये केंद्राने अनुसूची एचमध्ये स्पष्टपणे आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. लेबलच नसलेल्या, सुट्या डबीतल्या क्रीमचा धोका त्याहून मोठा. त्यात पारा असू शकतो आणि पारा मूत्रपिंडांवर घाला घालतो.

ट्यूब आधीच सुरू असेल तर ती एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही तपासणी खासगीपेक्षा खूप कमी खर्चात होते. जाताना वापरलेल्या सगळ्या वस्तू खोक्यांसकट न्याव्यात. डॉक्टरांना चेहऱ्याइतकीच त्या खोक्यांची मागची बाजू पाहायची असते.